दोनदा राजा झालात तर ड्यूक!

आजचा भाग राजांबद्दल, पण इतिहासातल्या नाही.

अमेरिकेत ऑनसाइटला होतो, तेव्हा एका शनिवारी टीममधला मित्र मला एका मैदानावर घेऊन गेला. अंगात चिलखत, कमरेला पांढरा पट्टा, आणि लोक त्याला ‘सर’ म्हणतायत! मला हसूच आलं.

ही मंडळी ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ची, म्हणजे एससीएची. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, एका घराच्या मागच्या अंगणातल्या पार्टीतून सुरू झालेली. आज त्यांची २० ‘राज्यं’ आहेत.

राजा ठरतो द्वंद्वातून. तलवारी वेताच्या, पण मार खरा. आणि गंमत म्हणजे वार नीट बसला की नाही, हे पंच सांगत नाही. ज्याला लागला, त्यानेच कबूल करायचं. जिंकणारा साधारण सहा महिने राज्य करतो, मग मुकुट पुढच्याला देतो. एकदा राज्य केलं की काउंट, दोनदा केलं की ड्यूक.

पण लढता येत नसेल तर? तरीही वाट आहे. पहिली पायरी ‘अवॉर्ड ऑफ आर्म्स’. ती मिळाली की तुम्ही लॉर्ड किंवा लेडी. सगळ्यात वरच्या मानांमध्ये नाइट लढाईसाठी, लॉरेल कलेसाठी आणि पेलिकन सेवेसाठी. पेलिकन पक्षी स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो, अशी मध्ययुगात समजूत होती. नाव तिथून आलं. यातली कुठलीच पदवी विकत मिळत नाही.

संध्याकाळी दरबार भरला. एका बाईंचं नाव पुकारलं. मित्र कानात म्हणाला, “या कित्येक वर्षं इथलं स्वयंपाकघर सांभाळतायत.” त्या पेलिकन झाल्या. राजाने सगळ्यांसमोर त्यांची कामं एकेक करून सांगितली. बाई रडत होत्या, अख्खा तंबू टाळ्या वाजवत होता.

खरं सांगू? त्या वर्षी माझं प्रमोशन दुसऱ्यांदा हुकलं होतं. मला पदाचं दुःख आहे असं वाटायचं. त्या तंबूत कळलं, मी काय काय केलं हे कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं, एवढंच हवं होतं.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि आमच्या टेस्टिंगवाल्या ज्युनियरने पकडलेले बग मीटिंगमध्ये त्याच्या नावासकट वाचून दाखवले. मुकुट नव्हता, पण पोरगा लाजला.

तुमच्या टीममधला पेलिकन कोण? त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!