हवेतला हिशेब – भाग ५ : जळगावचे विमान आणि रिकामी सीट

मागच्या भागात इंजिनांअभावी मे २०२३ मध्ये जमिनीवर बसलेल्या गो फर्स्टची कथा पाहिली. ती मोठ्या कंपनीची गोष्ट होती. नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावाला ज्या विमानाशी मतलब आहे ते लहान असते, आणि त्याचा हिशेब जास्त अवघड असतो.

नांदुऱ्याच्या कापूस व्यापाऱ्याला मुंबईला उडत जायचे तर जवळचा पर्याय जळगाव. अकोल्याजवळच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी आखूड, त्यामुळे तिथे प्रवासी सेवा नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले, पण ते उलट्या दिशेला.

जळगाव विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. मुंबईचे नियमित विमान मिळायला डिसेंबर २०१७ उजाडला. 'उडान' योजनेखाली कॅप्टन गोपीनाथ यांच्या नव्या अवतारातल्या एअर डेक्कनने वीसपेक्षाही कमी सीटांचे छोटे विमान आणले. काही महिन्यांतच सेवा कोलमडली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आले. मध्ये करोना आला, कंपनीची पैशांची ओढाताण वाढली आणि २०२२ च्या सुरुवातीला तिची सगळीच विमाने थांबली. २०२४ मध्ये गोव्याची फ्लाय९१ आणि सरकारी अलायन्स एअर जळगावात उतरल्या. सात वर्षांत तिसरा डाव!

असे का होते? पहिले कारण सीटचे. केळीचा घड आज नाही गेला तर उद्या पडत्या भावात तरी जातो. सुटलेल्या विमानातल्या रिकाम्या सीटला भावच नसतो. सत्तरेक सीटांचे एटीआर भरो वा न भरो, इंधन, वैमानिक आणि विमानाचे भाडे यांचा खर्च बहुतेक तेवढाच. त्यातही भाडे आणि सुटे भाग डॉलरमध्ये, तिकीट मात्र रुपयांत. रुपया घसरला की प्रवासी तेवढेच राहूनही तोटा वाढतो.

'उडान'ने यावर उतारा काढला. निम्म्याच्या आसपास सीटा ठरावीक दराने विकायच्या (सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये), तूट अनुदानातून भरून घ्यायची आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसरा स्पर्धक नाही. कागदावर छान. पण 'कॅग'च्या २०२३ च्या अहवालाने हिशेब मांडला तेव्हा पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षे पूर्ण करणारे ११२, आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदानाविना टिकलेले फक्त ५४.

दुसरे कारण वेळेचे, आणि तेच कमी बोलले जाते. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी जणू एकच वापरता येते. उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, अत्यंत दुर्मीळ. मोठ्या कंपन्या त्या धरून बसलेल्या असतात. लहान विमानाला उरलेली वेळ मिळते. दुपारचे विमान घेऊन मुंबईला पोचणाऱ्याचा कामाचा दिवस संपलेला असतो, मुक्काम वाढतो. त्यापेक्षा शेगाव किंवा मलकापूरला रात्री विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई, तीही झोपून. जळगावच्या विमानाची खरी स्पर्धक दुसरी विमान कंपनी नाही, ही रात्रीची गाडी आहे.

तिसरी अडचण मोजक्या विमानांची. इंडिगोकडे एक विमान बिघडले तर दुसरे उभे करता येते. चार-सहा विमानांच्या कंपनीत एक बिघडले की गोवा, जळगाव, पुणे अशी दिवसभराची साखळी तुटते. दोनदा फेरी रद्द झाली की व्यापारी तिकीट काढणे सोडतो, आणि त्याला परत आणायला सवलतही पुरत नाही.

म्हणून या भागातल्या पुढाऱ्यांचा प्रत्येक गावाला धावपट्टी मागण्याचा सोस चुकीच्या जागी आहे. धावपट्टी एकदाच बांधायची असते. सीट रोज विकावी लागते. नांदुरा, मलकापूर, खामगावच्या व्यापारी संघटनांनी जळगावसाठी सकाळी जाणारे व संध्याकाळी परतणारे मुंबईचे विमान मागावे, आणि आपल्या सभासदांच्या महिन्याच्या फेऱ्यांचा आकडाही कंपनीपुढे ठेवावा.