रंध्याची रेघ

सागाची फळी रंध्याखाली घेण्याआधी मी तिची कड पाहतो. रेषा कुठल्या अंगाने वर चढतात ते कळलं, की रंधा त्याच दिशेने चालवायचा. उलटा चालवला की तंतू उचकटतात. गाठीपाशी रेषा वळसा घेतात, तिथे पात्याला पुन्हा धार लावून अगदी पातळ ढलपी काढावी लागते. सागात सिलिका असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं आणि दगड हाताशीच ठेवावा लागतो.

सध्या चौरंग करतोय. पायांत पट्ट्या बसवायच्या तर पटाशीने भोकं कोरायची आणि पट्टीचं कुसू त्यात मोगरीच्या दोन-चार ठोक्यांनी जाईल एवढंच ठेवायचं. सैल राहिलं तर सरस ते सांभाळत नाही. फार घट्ट झालं तर पाय चिरतो. वरची फळी मात्र आवळून टाकत नाही. कोकणातल्या पावसात वाळलेलं लाकूडही ओलावा ओढून रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ बदलत नाही. म्हणून स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने जरा लांबट ठेवतो. लाकडाचा हा स्वभाव मान्य केला नाही, तर फळी तडकते.

स्वतःच्या हातांच्या बाबतीतही मी हेच शिकलो. माझा रंधा फळीच्या शेवटाला किंचित दाबला जातो. तिरक्या उजेडात फळीवर बोट फिरवलं की उंचसखलपणा जाणवतो. यंत्रातून निघालेल्या फळीशी तुलना केली, तर हे उणंच दिसणार. पण जुन्या लाकडी कपाटाचा खण काढून उलटा करा: तळाला रंध्याच्या रेघा तशाच सोडलेल्या दिसतात. त्या कारागिराने आपले कष्ट सांध्यांवर खर्च केले होते.

मात्र स्वतःला स्वीकारणं म्हणजे स्वतःला सूट देणं नव्हे. सैल सांध्याला 'हाताचं काम' म्हणून खपवणं ही फसवणूक आहे. वजन जिथे पेललं जातं तिथे मी कठोर राहतो, आणि जिथे फक्त माझा हात दिसतो तिथे त्याला दिसू देतो. हा फरक कळल्यापासून काम संपल्यावर मन कुरकुरत नाही.

तुम्ही हाताने केलेली वस्तू घ्याल तेव्हा ती उलटी करून पाहा, हलवून पाहा. सांधे पक्के असतील, पाय डुगडुगत नसतील, तर वरच्या रेघेसाठी भाव पाडू नका.