एअर फ्रायरमधली कोळंबी : तेल वाचलं, पुढे काय?

‘मॅडम, आता तरी परवानगी द्या,’ समोर बसलेले काका म्हणाले. वय बासष्ट, गाव मालवणकडचं, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. तेव्हापासून घरात कोळंबी आलेली नव्हती. मुलानं वाढदिवसाला एअर फ्रायर आणून दिला आणि काकांच्या आशा पालवल्या. ‘तेलच नाही म्हटल्यावर कोलेस्टेरॉल वाढणार कुठून?’ असा त्यांचा सवाल. काकू मात्र ठाम होत्या. ‘अहो, कोलेस्टेरॉल कोळंबीत असतं, तेलात नाही,’ असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या, ‘ह्यांना आता तुम्हीच सांगा.’

गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर होतं. आणि दोघांच्याही नजरेतून जे सुटलं होतं, तेच काकांच्या हृदयासाठी जास्त महत्त्वाचं होतं.

यंत्र नेमकं काय करतं?

‘एअर फ्रायर’ हे नाव थोडं फसवं आहे. त्यात पदार्थ तळला जात नाही, भाजला जातो. फिलिप्स कंपनीनं 2010 मध्ये हे यंत्र बाजारात आणलं आणि नंतर अनेकांनी त्याची री ओढली. वरच्या बाजूला तापणारी कॉइल, तिच्याजवळ जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. म्हणजे हा एक लहानसा, वेगवान वाऱ्याचा ओव्हन.

पंख्याचं काम महत्त्वाचं आहे. पदार्थाभोवती दमट, थोड्या थंड हवेचा पातळ थर चिकटून असतो. साध्या ओव्हनमध्ये तो बराच वेळ टिकतो, म्हणून पदार्थ हळू भाजला जातो. इथे वारा तो थर सतत उडवून लावतो. ओले कपडे पंख्याखाली लवकर वाळतात, तसाच हा प्रकार. पृष्ठभाग वाळला, की तो तापून खमंग आणि तांबूस होतो. मात्र कढईतलं गरम तेल पदार्थाला जितक्या झपाट्यानं उष्णता देतं, तितकी हवा देऊ शकत नाही. त्यामुळे तळलेल्या कोळंबीचा कुरकुरीतपणा इथे हुबेहूब मिळत नाही.

तेलाचा हिशेब

एक चमचा तेल म्हणजे साधारण 40 ते 45 कॅलरी. तव्यावर रवा लावलेली कोळंबी तळताना तीन-चार मोठे चमचे तेल सहज जातं, त्यातलं बरंचसं रवा पिऊन घेतो. एअर फ्रायरमध्ये पाव किलो कोळंबीला एक ते दीड छोटा चमचा पुरतो. ही बचत खरी आहे. कढईत तळण्याशी तुलना केली तर ती आणखी मोठी. शिवाय तेच तेल पुन्हा पुन्हा तापवण्याचा प्रश्न राहत नाही. वारंवार तापवलेल्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ नावाचे घटक साठतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की तेल वापरू नये, असा ‘एफएसएसएआय’चा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरात हे मोजायचं साधन नसतं. त्यामुळे तळणच कमी करणं हा सोपा उपाय.

पण तेल अजिबात न वापरणं हाही शहाणपणा नाही. मिरचीतला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन, हळदीतलं करक्युमिन आणि मसाल्यांतली बहुतेक सुगंधी द्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात फारशी नाही. कोरडा मसाला गरम वाऱ्यात करपतो, उडतो आणि घरभर ठसका बसतो. चमचाभर तेलात कालवलेला मसाला कोळंबीला धरून राहतो आणि चवीलाही उतरतो.

कोळंबी खरंच गुन्हेगार आहे?

शंभर ग्रॅम शिजलेल्या कोळंबीत वीस ग्रॅमहून अधिक प्रथिनं असतात, चरबी मात्र जेमतेम एखादा ग्रॅम. कोलेस्टेरॉल दीडशे ते दोनशे मिलिग्रॅमच्या घरात. हा शेवटचा आकडा पाहून अनेक हृदयरुग्णांच्या ताटातून कोळंबी हद्दपार झाली.

परंतु रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं. वाईट समजलं जाणारं एलडीएल वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा आणि ट्रान्स फॅटचा वाटा मोठा असतो. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना रोज तब्बल 300 ग्रॅम कोळंबी दिली गेली. त्यांचं एलडीएल सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं, पण चांगलं समजलं जाणारं एचडीएल 12 टक्क्यांनी वाढलं आणि ट्रायग्लिसराइड्स 13 टक्क्यांनी घटले. प्रयोग छोटा होता आणि त्यातली माणसं हृदयरुग्ण नव्हती. त्यामुळे ‘हवी तेवढी खा’ असा त्याचा अर्थ नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी शंभर ग्रॅम कोळंबी म्हणजे विष नव्हे, एवढा अर्थ मात्र काढता येतो.

मग मी काकांना त्यांचं रोजचं खाणं विचारलं. सकाळच्या चहाबरोबर खारी, संध्याकाळी फरसाण, रविवारी मटण आणि जेवणात नारळाच्या रसाची वाटीभर सोलकढी. कोळंबी सोडली होती, पण खारीतलं वनस्पती तूप आणि नारळाची संपृक्त चरबी रोज पोटात जात होती. बेकरीच्या पदार्थांत ट्रान्स फॅट असू शकतं. जानेवारी 2022 पासून आपल्याकडे तेल-तुपातलं त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे, तरी संपृक्त चरबी उरतेच. काकांनी दोन वर्षं ज्याचा त्याग केला, ते त्यांच्या यादीतलं सर्वांत निरुपद्रवी खाणं होतं!

चटपटीत, पण चिवट नको

कोळंबीचा स्नायू नाजूक असतो. थोड्या उष्णतेनं त्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि जास्त झाली की आकसून पाणी पिळून टाकतात. मग कोळंबी रबरासारखी लागते. कच्च्या कोळंबीत अ‍ॅस्टाझॅन्थिन हे रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ती राखाडी दिसते. उष्णतेनं हे बंधन सुटलं की केशरी रंग खुलतो. अडचण अशी, की कोळंबी काही मिनिटांत शिजते आणि वरचं आवरण खरपूस व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पुढची काळजी घ्यावी.

पाव किलो मध्यम कोळंबी सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून धुवावी आणि स्वच्छ फडक्यानं कोरडी टिपावी. ओली राहिली तर ती भाजण्याऐवजी वाफवली जाते. एक चमचा मालवणी मसाला, थोडी हळद, आलं-लसणाचं घट्ट वाटण, एक चमचा आगळ किंवा लिंबाचा रस आणि एक चमचा तेल लावून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. तासन्‌तास आंबटात ठेवू नये, पोत बिघडतो. आंबटानं कोळंबी पांढुरकी झाली तरी त्यातले जंतू मरत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावं.

बारीक रवा आणि तांदळाचं पीठ आधीच अर्धा चमचा तेलावर गुलाबी भाजून घ्यावं आणि मग कोळंबीला दाबून लावावं. रंग आधीच आलेला असल्यानं कोळंबीला जास्त वेळ तापवत बसावं लागत नाही. यंत्र 190 अंशांवर तापवून कोळंबी एका थरात, सुटी सुटी मांडावी. सहा ते आठ मिनिटं पुरतात, मध्ये एकदा उलटावी. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळली आणि आतून दुधी, अपारदर्शक झाली की काढावी. ‘ओ’सारखी गोल मिटली तर वेळ टळून गेली. थर्मामीटर असेल तर जाड भागात 63 अंश सेल्सिअस तापमान पुरेसं मानलं जातं.

उच्च तापमानात कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण होतं, मग ते कढईत असो वा एअर फ्रायरमध्ये. ब्राझीलच्या संशोधकांना एअर फ्रायरमध्ये केलेल्या सार्डिन माशांत हे दिसलं आणि सोबत हिरवा सुगंधी पाला वापरल्यावर ते कमी झाल्याचंही आढळलं. तेव्हा करपवणं टाळावं हे उत्तम.

मीठ आणि अ‍ॅलर्जी

तेल वाचलं तरी मीठ वाचत नाही. कोळंबीत मुळातच सोडियम असतं. गोठवलेल्या कोळंबीवर अनेकदा मिठाची किंवा फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. रक्तदाब असणाऱ्यांनी पाकिटावरचं सोडियम वाचावं आणि तयार मसाल्यात मीठ असेल तर वरून घालू नये. कोळंबी काळी पडू नये म्हणून वापरले जाणारे सल्फाइट दम्याच्या काही रुग्णांना त्रासदायक ठरतात. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी प्रमाणाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

सर्वांत गंभीर बाब अ‍ॅलर्जीची. तिला मुख्यतः कारणीभूत असलेलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्यानं नष्ट होत नाही. म्हणजे तळली, उकडली किंवा एअर फ्रायरमध्ये भाजली, तरी धोका तोच. काहींना शिजतानाच्या वाफेनंही त्रास होतो आणि पंख्याचं यंत्र ती वाफ बाहेर सोडतं. घरात कोणाला कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर त्याच टोपलीत नंतर केलेले बटाटेही धोकादायक ठरू शकतात. साधं पुसून भागत नाही. वर्षानुवर्षं कोळंबी खाणाऱ्यालाही मोठेपणी अ‍ॅलर्जी होऊ शकते. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, श्वास लागणं, चक्कर येणं अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.

काकांना अ‍ॅलर्जी नव्हती. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही ठरवलं : आठवड्यातून एकदा शंभर ग्रॅम कोळंबी, सोबत भाकरी आणि काकडी-कांद्याची कोशिंबीर. त्या दिवशी सोलकढी नारळाऐवजी नुसत्या कोकमाची. खारी बंद, गोळ्या मात्र चालू. खारीचं नाव निघताच काकांचा चेहरा उतरला, काकूंचा खुलला.

‘म्हणजे यंत्राचा काही उपयोग नाही म्हणायचा?’ उठताना त्यांनी विचारलं. उपयोग आहे, चमच्याचमच्यानं वाचणाऱ्या तेलाइतका. बाकीचं काम ताटात काय वाढायचं हे ठरवणाऱ्या हातानं करायचं असतं.