विश्लेषण : पाच वेळा वाचूनही पेपरात का आठवत नाही? बदलापूर लोकलमधला अभ्यास आणि आजीचा परवचा

परीक्षेच्या दिवसांत बदलापूरहून सकाळी निघणाऱ्या लोकलमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी कुणीतरी एका हाताने वरची कडी पकडून दुसऱ्या हातातल्या नोट्स वाचत असतं. पानभर पिवळे-गुलाबी हायलायटरचे पट्टे. कॉलेजसाठी कल्याण, डोंबिवली, ठाणे किंवा थेट मुंबई गाठणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांचे दिवसाचे दोन-तीन तास प्रवासातच जातात. उरलेल्या वेळात क्लास, जेवण, झोप आणि अभ्यास. एवढी ओढाताण करून पाच वेळा वाचलेला धडा पेपरात आठवला नाही, की मुलं एकच निष्कर्ष काढतात : माझं डोकंच चालत नाही. अभ्यासाची पद्धत तपासायची मात्र राहून जाते.

पुन्हा पुन्हा वाचण्याचा फायदा होत नाही का?

होतो, पण थोड्या वेळापुरता. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही फेऱ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने एका फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा न बघता, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना 61 टक्के. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता.

हा विश्वासच घात करतो. रोजच्या लोकलमध्ये भेटणारा चेहरा आपण लगेच ओळखतो, पण त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. धड्याचंही तसंच होतं. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि 'हे येतंय मला' म्हणत आपण पान उलटतो. पेपरात मात्र ओळखायचं नसतं, कोऱ्या पानावर आठवून लिहायचं असतं.

इंजिनिअरिंगला असताना परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मीही अख्ख्या नोट्स पिवळ्या केल्या होत्या. दुसऱ्या सेमिस्टरच्या गणितात केटी लागली. नोट्स मात्र सुंदर दिसत होत्या.

मग करायचं काय?

आपल्याकडे याला जुना शब्द आहे : परवचा. तिन्हीसांजेला दिवा लागला, शुभंकरोती झालं, की मुलं ओळीने बसून पाढे म्हणत. नुसते बे-तीनचे नव्हे. पावकी, निमकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा. मग वार, तिथी, महिने, नक्षत्रं. पुस्तक हातात नसे आणि एकही दिवस सुटत नसे. परवचात अर्थ कळण्यावर भर कमी आणि घोकंपट्टी जास्त होती, हे खरंच. पण न बघता आठवणं आणि रोज थोडं थोडं आठवणं, या त्यातल्या दोन सवयी आजच्या संशोधनातही पहिल्या रांगेत आहेत. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात सर्वांत वरचा दर्जा दोनच पद्धतींना मिळाला : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागणं. हायलायटर आणि पुन्हा वाचन तळाच्या गटात गेले.

लोकलमध्ये हे जमतं का?

उलट लोकलमध्येच जास्त जमतं, कारण गर्दीत पुस्तक उघडता येत नाही. बदलापूर ते कल्याण साधारण 20 मिनिटं. रात्री दहावीच्या विज्ञानातला 'गुरुत्वाकर्षण' धडा वाचला असेल तर बदलापूर ते अंबरनाथ केप्लरचे तीन नियम मनात म्हणून बघा. अंबरनाथ ते उल्हासनगर वस्तुमान आणि वजन यांतला फरक. विठ्ठलवाडी येईपर्यंत मुक्तिवेगाचं सूत्र, आणि ते कुठून आलं हेही. जिथे अडखळाल तेवढंच कल्याणला उतरल्यावर पुस्तकात बघा. बघण्याआधी निदान अर्धा मिनिट डोकं खाजवा, कारण शिकणं त्या खटपटीतच होतं. (दारात उभं राहून, कानात इयरफोन घालून मात्र नको.)

हीच युक्ती उल्हासनगरात संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलालाही उपयोगी आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या पाच मिनिटांत पान वाचून होत नाही, पण एका प्रश्नाचं उत्तर आठवून होतं.

प्रश्न आणायचे कुठून? विकतचे संच लागतातच असं नाही. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय असतो. बहुतेक मुलं तो गाइडमधून उतरवून काढतात आणि घरातली फुकटची प्रश्नपत्रिका वाया घालवतात.

उजळणी कधी करायची?

रविवारी सलग तीन तास इतिहास करण्यापेक्षा तेच तीन तास तीन दिवसांत वाटले तर जास्त टिकतं. मधल्या काळात थोडं विसरायला होतं आणि ते पुन्हा आठवताना पक्कं होतं. आज वाचलेला धडा उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने आठवून बघा. हे आकडे दगडावर कोरलेले नाहीत. परीक्षा लांब असेल तर अंतरही वाढवता येतं.

झोप कापून हे करू नका. दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. पहिली लोकल पकडणाऱ्यांना हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड, याची कल्पना आहे.

गणिताचं काय?

गणितात आणखी एक अडचण असते. सरावसंच एकाच प्रकारच्या उदाहरणांचा असल्याने कोणती रीत वापरायची हे आधीच ठाऊक असतं. डग रोअरर आणि केली टेलर यांच्या 2007 मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरं 89 टक्के बरोबर आली, सरमिसळ करून सोडवणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले 20 टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले 63 टक्क्यांवर राहिले. तेव्हा रीत एकदा समजली, की वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता यांची दोन-दोन उदाहरणं एकत्र करून सोडवा. बीजगणिताच्या पेपरात कोणतं उदाहरण कोणत्या प्रकरणातलं, हे कुणी सांगत नाही.

पालकांनी काय करावं?

पुस्तक आपल्या हातात घ्यावं आणि प्रश्न विचारावा. इंग्रजी माध्यमाचं पुस्तक असलं आणि विषय कळत नसला तरी अडत नाही. स्वाध्यायातला प्रश्न वाचायचा आणि मुलाला आपल्या भाषेत समजावून सांगायला लावायचं. सांगताना तो कुठे गडबडतो, हे न शिकलेल्या आजीलाही कळतं. उत्तर चुकलं तर ओरडू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी परवचा बंद पडेल.

पहिल्या आठवड्यात हे सगळं नकोसं वाटेल. धडा वाचून पुस्तक मिटाल आणि वहीचं अर्धं पान कोरंच राहील. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनाने तिथे भरा. उद्याच्या लोकलमध्ये आधी ते लाल मुद्दे आठवायचे.