महाविद्यालयीन प्रशासनातील नेतृत्वशैली आणि विद्यार्थी : महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या गुणवत्तेची चर्चा बहुधा अध्यापन, अभ्यासक्रम आणि परीक्षा या तीन मुद्द्यांभोवती फिरते. प्रशासन हा विषय प्राचार्य आणि संस्थाचालक यांच्यापुरता मर्यादित समजला जातो. विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध फक्त शुल्क भरण्यापुरता असतो, असा एक समज प्राध्यापकवर्गातही आढळतो. वस्तुतः महाविद्यालयात कोणी शिकावयाचे, किती काळ टिकावयाचे आणि अडचण आल्यास कोणाकडे जावयाचे हे प्रश्न वर्गाबाहेरच्या निर्णयांनी सुटतात किंवा अडतात. या निर्णयांमागील नेतृत्वशैली विद्यार्थ्यापर्यंत कोणत्या मार्गांनी पोचते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नेतृत्वशैली : संकल्पना

नेतृत्वशैलीच्या अभ्यासात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे केलेले व १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग पायाभूत मानले जातात. दहा वर्षे वयाच्या मुलांच्या छोट्या मंडळांवर हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्तसोड अशा तीन पद्धतींचे प्रमुख नेमून मुलांच्या वर्तनाचे निरीक्षण करण्यात आले. हुकूमशाही गटात प्रमुखाच्या उपस्थितीत काम भरपूर झाले. परंतु प्रमुख खोलीबाहेर जाताच ते एकदम मंदावले. लोकशाही गटातील मुले मात्र प्रमुख नसतानाही बऱ्याच अंशी काम करीत राहिली. हुकूमशाही गटांत एक तर आक्रमकता वाढली किंवा कमालीची निमूटता आली, हा निष्कर्ष शिक्षणक्षेत्रातील मंडळींनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. निमूट वर्ग हा शिस्तीचा पुरावा असतो, असे आपल्याकडे सहज मानले जाते.

पुढे जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये देवघेवीचे नेतृत्व आणि परिवर्तनशील नेतृत्व असा भेद मांडला आणि बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये त्याचा संघटनांच्या संदर्भात विस्तार केला. फिलिप हॅलिंजर आणि रोनाल्ड हेक यांनी १९८० ते १९९५ या काळातील शालेय संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यातून मुख्याध्यापकाचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवरील परिणाम मुख्यतः अप्रत्यक्ष असतो, असे दिसून आले. हे संशोधन शाळांविषयीचे आहे, हे खरे; परंतु त्यातील सूत्र महाविद्यालयालाही लागू पडते. प्राचार्य ज्या विद्यार्थ्याचा वर्ग कधीच घेत नाहीत, त्याच्यावरही त्यांचा परिणाम होतो. तो लिपिकाच्या, ग्रंथपालाच्या, वर्गशिक्षकाच्या आणि वेळापत्रकाच्या द्वारा होतो.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात या सूत्राची स्पष्ट साक्ष मिळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये सातारा येथे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. 'कमवा व शिका' या योजनेचे वर्णन सामान्यतः आर्थिक साहाय्याची योजना म्हणून केले जाते. तिचा प्रशासकीय अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी प्रवेशाची वाट श्रमातून खुली करणे, हा व्यवस्थापनाचा निर्णय होता. त्यामुळे विद्यार्थी याचक न राहता संस्थेच्या कामाचा भागीदार झाला. या संस्थेच्या वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे प्राचार्य आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ही गोष्ट या भागीदारीची फलश्रुती म्हणावी लागेल.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे आहे. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय होती. वेळापत्रक ही प्रशासनातील सर्वांत रूक्ष वाटणारी बाब. पण तासिकांची वेळ बदलल्याने विद्यार्थ्यांचा एक संपूर्ण वर्ग महाविद्यालयाच्या आत आला. १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे याच सोसायटीने सुरू केलेल्या महाविद्यालयाचे, म्हणजे पुढील मिलिंद महाविद्यालयाचे, प्राचार्य म. भि. चिटणीस हे 'युगयात्रा' या नाटकाचे लेखक. प्राचार्यच नाटक लिहितात आणि विद्यार्थी ते रंगमंचावर आणतात, अशा परिसरात विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला परवानगीचा अर्ज करावा लागत नाही. दलित साहित्याच्या चळवळीत या परिसराचे स्थान सर्वश्रुत आहे.

या दोन्ही ठिकाणी नेतृत्व सौम्य होते, असे समजण्याचे कारण नाही. भाऊरावांचा दरारा प्रसिद्ध होता. शैली कठोर की मृदू यापेक्षा कोणाच्या अडचणी लक्षात घेऊन नियम घडविले जातात, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकांतील वर्गीकरणात हा प्रश्न बहुधा सुटून जातो.

दुहेरी सत्ताकेंद्र आणि वैधानिक चौकट

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयात संस्था आणि प्राचार्य अशी दोन सत्ताकेंद्रे असतात. वेतन शासनाचे, परीक्षा विद्यापीठाची, इमारत आणि नेमणुकीचा अधिकार संस्थेचा, आणि उत्तरदायित्व प्राचार्यांचे, अशी ही रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षांची असून मूल्यमापनानंतर ती आणखी पाच वर्षांसाठी वाढविता येते. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांचा कारभार प्रभारी प्राचार्यांवर चालत आलेला आहे. प्रभारी व्यक्ती स्वभावाने कितीही लोकशाहीवादी असली तरी तिला दीर्घ पल्ल्याचा निर्णय घेता येत नाही. मग प्रत्येक बाब 'वर विचारून सांगतो' या वाक्यापाशी थांबते. आयोवाच्या प्रयोगातील मुक्तसोड शैली आपल्याकडे पुष्कळदा अशी रचनेतून जन्माला येते. तिचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने पूर्वीच्या १९९४ च्या अधिनियमातील स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. व्यवस्थापनाचे अध्यक्ष हे तिचे अध्यक्ष, प्राचार्य हे सदस्य-सचिव. निर्वाचित शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी यांच्या बरोबरीने विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हेही सदस्य असतात. वर्षातून किमान चार बैठका आवश्यक आहेत. विद्यार्थी परिषदेसाठी १९९४ च्या अधिनियमातील गुणवत्तेवर आधारित निवडीऐवजी प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद झाली. तथापि २०१९ मध्ये या निवडणुका जाहीर होऊन पुढे ढकलल्या गेल्या. परिषदच नसेल तर समितीतील विद्यार्थ्याची खुर्ची रिकामी राहते, किंवा प्राचार्यांच्या पसंतीचा विद्यार्थी तीवर बसतो. अशा विद्यार्थ्याकडून बैठकीत प्रश्न विचारला जाण्याची अपेक्षा कोण करील?

विद्यार्थ्यापर्यंत पोचणारे मार्ग

नेतृत्वशैलीचा सर्वाधिक स्पष्ट प्रत्यय शिष्यवृत्तीच्या अर्जात येतो. राज्यातील शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. विद्यार्थ्याने अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या पडताळणीतून पुढे संबंधित विभागाकडे जातो. महाविद्यालयाच्या स्तरावर अर्ज मुदतीत पुढे गेला नाही, तर विद्यार्थ्याचा कोणताही दोष नसताना त्याची शिष्यवृत्ती अडकते. ग्रामीण भागातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी एस.टी.ने तालुक्याच्या गावी येतो, खिडकीशी उभा राहतो, 'उद्या या' असे ऐकून परततो. तीन हेलपाट्यांचे भाडे आणि तीन बुडालेल्या तासिका, अथवा आईच्या किंवा त्याच्या स्वतःच्या बुडालेल्या मजुरीचे दिवस, यांचा हिशेब महाविद्यालयाच्या कोणत्याही नोंदवहीत लागत नाही. पुढे तो परीक्षा अर्ज भरत नाही आणि निकालपत्रकात त्याची नोंद 'अनुपस्थित' अशी होते.

येथे शैलीचा फरक असा पडतो. आज्ञाप्रधान कार्यालयात लिपिकाला चुकीची भीती असते. म्हणून शंका आलेला अर्ज तो बाजूला ठेवतो, कारण अर्ज न पाठविल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. चुकीचा पाठविल्याबद्दल विचारतात. मुक्तसोड कार्यालयात प्रलंबित अर्जांची यादीच कोणी पाहत नाही. सहभागप्रधान प्रशासनात ही यादी दर आठवड्याला वर्गशिक्षकाकडे जाते, आणि उत्पन्नाचा दाखला कोणाचा राहिला आहे हे वर्गातच समजते. तिन्ही ठिकाणी लिपिक तोच असू शकतो. त्याची कामाची पद्धत बदलते, ती वरून काय विचारले जाते यामुळे.

उपस्थितीचा नियम हे दुसरे क्षेत्र. ७५ टक्के उपस्थितीपेक्षा कमी असलेल्यांची यादी सत्राच्या अखेरीस सूचना फलकावर लावून पालकांना बोलावणे, ही सार्वत्रिक पद्धत आहे. हीच यादी सत्राच्या दुसऱ्या महिन्यात तयार केली तर तिचे स्वरूप दंडाचे न राहता शोधाचे होते. ऊसतोडणीला कुटुंबासोबत गेलेला विद्यार्थी, पहिली तासिका बसच्या वेळेमुळे चुकणारी विद्यार्थिनी आणि निव्वळ बेपर्वा विद्यार्थी ही तीन वेगवेगळी प्रकरणे आहेत. सत्रअखेरीच्या यादीत ती एकाच रांगेत येतात. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ पासून मांडलेल्या सिद्धान्तानुसार महाविद्यालयाच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनाशी विद्यार्थी किती जोडला जातो, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते. शिक्षक आपल्याला ओळखतात, ही जाणीव त्या जोडणीचा मोठा भाग होय. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला, ज्याला स्वतःलाच पुढील सत्राची खात्री नाही, ती ओळख देणे कितपत शक्य आहे, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या नेमणूक धोरणापर्यंत जाऊन भिडतो.

तिसरे क्षेत्र मूळ कागदपत्रे आणि तक्रारी यांचे. प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, अशी अधिसूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढली. २०२३ च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल यांची तरतूद केली. समितीचा फलक दर्शनी भागी लावणे सोपे असते. तक्रार केल्यावर अंतर्गत गुणांवर परिणाम होणार नाही, असा विश्वास मात्र फलकाने निर्माण होत नाही. वर्षभरात तक्रार शून्य, ही नोंद अहवालात अभिमानाने दिली जाते. ती समाधानाची खूण आहे की भीतीची, याची शहानिशा क्वचितच होते.

मूल्यांकन आणि नेतृत्व

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने (स्थापना १९९४) आपल्या सात निकषांत 'शासन, नेतृत्व व व्यवस्थापन' यास स्वतंत्र स्थान दिले आणि २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण समाविष्ट केले. यामुळे समित्या स्थापन झाल्या, इतिवृत्ते लिहिली जाऊ लागली, हा लाभ नाकारता येणार नाही. मात्र भेटीपूर्वीच्या दोन महिन्यांत पाच वर्षांची इतिवृत्ते तयार करण्याची जी धावपळ अनेक प्राध्यापकांच्या परिचयाची आहे, तीत सहभागप्रधान नेतृत्व कागदावर अवतरते. ते पाहणारा विद्यार्थी प्रशासनाविषयी जो धडा घेतो, तो कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो.

प्राचार्यांच्या हाती संस्थेची परवानगी न घेता करता येण्याजोग्या गोष्टी मोजक्याच, पण आहेत. कार्यालयाची खिडकी कोणत्या वेळी उघडी राहावी, हे एस.टी.च्या वेळापत्रकाकडे पाहून ठरविता येते. उपस्थितीची यादी लवकर काढता येते. विकास समितीच्या बैठकीसमोर प्रलंबित शिष्यवृत्ती अर्जांची संख्या विषयपत्रिकेतील नियमित विषय म्हणून ठेवता येते. चार बैठका कायद्यानेच बंधनकारक असल्याने त्यांपैकी एक अर्जांच्या अंतिम मुदतीपूर्वी तीन आठवडे घेतल्यास, राहिलेले दाखले मिळविण्यास विद्यार्थ्यांना पुरेसा अवधी मिळू शकतो.