मोठ्या सर्व्हरआधी मोजमाप

इंदूरजवळच्या बेटमा येथे सापडलेल्या ताम्रपटांवर परमार राजा भोजाने इ. स. १०२० मध्ये कोकणविजयानिमित्त केलेल्या भूमिदानाची नोंद आहे. आज त्याच परिसरातला शेतकरी खसरा ऑनलाइन पाहतो आणि महाराष्ट्रातला शेतकरी सातबारा काढतो. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यांची संख्याच अडीच कोटींच्या घरात आहे. एवढ्या नोंदी साठवण्यापेक्षा त्यांतली नेमकी एक चटकन शोधून देणं अधिक अवघड असतं. उतारा निघायला वेळ लागला की 'सर्व्हर स्लो आहे' असं म्हणून मोठ्या सर्व्हरची मागणी होते. माझ्या मते ही मागणी बऱ्याचदा घाईची असते. वेळ नेमका कुठे जातो, हे आधी मोजायला हवं.

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची, विचारणाऱ्याने काय हवं तेवढंच सांगायचं आणि ते कसं शोधायचं हे डेटाबेसने ठरवायचं. ही सोय मोठी आहे, पण विलंबही इथेच दडून बसतो. समजा, गट क्रमांकावर इंडेक्स म्हणजे शोधसूची नाही. मग एका उताऱ्यासाठी अडीच कोटी ओळी चाळाव्या लागतील. 'बी-ट्री' पद्धतीच्या इंडेक्समध्ये एका पानावर दोनशे नोंदी बसत असतील, तर चार पायऱ्यांत १६० कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येतं. अडीच कोटी त्यात सहज मावतात. मात्र नावाच्या मधली अक्षरं देऊन शोध घेतला, तर नावांवरचा असा इंडेक्स कुचकामी ठरतो, कारण त्यातली नावं शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून लावलेली असतात. डेटाबेसने कोणता मार्ग धरला हे 'एक्सप्लेन' या आज्ञेने दिसतं. तक्त्याची आकडेवारी शिळी झाली असेल, तर चांगला इंडेक्स हाताशी असूनही डेटाबेस चुकीचा मार्ग धरू शकतो.

यंत्रं स्वस्त झाली आहेत, मग एवढी डोकेफोड कशाला, असं कोणी विचारेल. दुप्पट वेगाच्या यंत्राने ओळी चाळण्याचा वेळ फार तर निम्मा होतो आणि नोंदी दुप्पट झाल्या की आपण पुन्हा मूळ जागी येतो. मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स का करू नये? कारण प्रत्येक फेरफार नोंदवताना ते सगळे इंडेक्सही बदलावे लागतात. वाचन वेगवान होतं, पण लिहिणं रखडतं. देखरेखीचाही सर्व्हरवर भार पडतो, हा तिसरा आक्षेप खरा आहे, पण बेताने ठेवलेल्या नोंदींचा भार सहसा किरकोळ असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये संथ प्रश्नांची (क्वेरींची) नोंदवही आहे, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक प्रश्नाचा एकूण वेळ मोजणारं विस्तारक आहे. तिथे एक गोष्ट उघड होते: दहा सेकंद घेणाऱ्या पण क्वचित येणाऱ्या प्रश्नापेक्षा अर्ध्या सेकंदाचा, दिवसातून लाखदा येणारा प्रश्न यंत्रणेला जास्त दमवतो. नुसती सरासरीही फसवी असते. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना उतारा अर्ध्या सेकंदात मिळाला आणि एकाला पन्नास सेकंद लागले, तर सरासरी एका सेकंदाच्या आतच राहते. त्या एकाचा खोळंबा तिच्यात दिसतच नाही.

म्हणून सार्वजनिक सेवेच्या करारात सर्व्हरची क्षमता लिहून थांबू नये. शंभरातल्या पंचाण्णव जणांना किती सेकंदांत उत्तर मिळालं पाहिजे, हे त्यात लिहावं आणि दर महिन्याचे आकडे लोकांसमोर ठेवावेत. नव्या यंत्राची मागणी आलीच, तर हे आकडे पाहूनच ती मंजूर करावी.