जुना राउटर कोणाचा?

आजचा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. घरातला वायफायचा डबा जुना झाला, तर तो ब्रॉडबँडवाल्यानं बदलून द्यायचा की आपण बाजारातून आणायचा? तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण 'वस्तू कोणाची' आणि 'तिची जबाबदारी कोणाची' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकच धरले की घोटाळा होतो, आणि आमचं आयुष्य असले घोटाळे सोडवण्यातच गेलं.

इचलकरंजीत हे समजावणं सोपं जातं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून 'साधन कोणाचं' हा प्रश्न या गावाला नवा नाही. खर्चीवाल्याचं बघा. सूत व्यापाऱ्याचं, माग स्वतःचा, मजुरी पिकावर. साध्या मागावरून शटललेसवर जायचं तर कर्ज त्यानंच काढायचं. कापडात खोट निघाली की व्यापारी म्हणणार, माझं सूत चांगलं होतं, तुझा माग जुना आहे. ब्रॉडबँड कंपनीही नेमकं हेच सांगते: आमच्या फायबरमधून वेग पुरेपूर येतोय, तुमचा राउटर जुना आहे.

पण ही तुलना एका जागी तुटते. माग त्याच्या मालकाला उघडता येतो. पाना त्याच्या हातात, मिस्त्री त्याच्या ओळखीचा. कंपनीनं बसवलेला राउटर आपल्या भिंतीवर असतो, वीज आपली खातो, पण त्याची आतली किल्ली बहुतेक वेळा कंपनीकडे असते. दूर बसून त्यात फेरफार करण्याची, नवं सॉफ्टवेअर घालण्याची टीआर-069 नावाची पद्धत 2004 पासून आहे. आपल्याला फार तर पासवर्ड बदलता येतो, तोही कंपनीनं मुभा ठेवली असेल तर.

या किल्लीचं महत्त्व जर्मनीत 2016 च्या नोव्हेंबरात दिसलं. डॉइश टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांची जोडणी बिघडली. 'मिराई' या घातक प्रोग्रॅमचा एक नवा अवतार जगभरच्या राउटरांच्या याच दूर-देखभालीच्या दारावर धडका देत होता. तिथले राउटर त्याच्या ताब्यात गेले नाहीत, पण धडकांनी कोलमडले. ग्राहकानं काय करायचं? प्लग काढायचा आणि पुन्हा लावायचा, एवढंच. खरी दुरुस्ती म्हणजे नवं सॉफ्टवेअर, आणि ते कंपनीलाच पाठवावं लागलं. त्याच्या आदल्याच महिन्यात याच मिराईनं लोकांच्या घरचे कॅमेरे आणि राउटर गुलाम करून अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर हल्ला चढवला होता, आणि ट्विटरसारख्या सेवा काही तास अडल्या होत्या. ज्यांच्या घरचे डबे यात वापरले गेले, त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसणार.

इथं 'जुना' या शब्दाकडे जरा थांबून बघू. माग जुना होतो तो झिजून. राउटर न झिजताही जुना होतो. दिवा हिरवाच असतो, डबा कालच्यासारखाच चालतो. फक्त बनवणाऱ्यानं त्याच्यासाठी नवं सॉफ्टवेअर काढणं थांबवलेलं असतं आणि बाहेरच्या चोरांनी नव्या किल्ल्या घडवलेल्या असतात. वैशेषिकांनी परत्व आणि अपरत्व हे गुण मानले. जुनेपण हे दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेत ठरतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणून 'चालतोय ना, मग कशाला बदलायचा?' हा युक्तिवाद पंख्याला लागू पडतो, राउटरला नाही.

आपल्याकडे याचा एक नमुना आधीच आहे: विजेचा मीटर. वीज कायदा 2003 च्या कलम 55 प्रमाणे वितरण कंपनीनं अचूक मीटरमधूनच वीज द्यायची. मीटर भाड्यानं द्यायचा तर त्यासाठी अनामत घेता येते, आणि ग्राहकाला हवा तर तो स्वतः मीटर विकतही घेऊ शकतो. राउटरच्या बाबतीत मात्र अनामत, भाडं, 'फुकट बसवणी' असे शब्द पावतीवर असतात आणि डबा कोणाचा हे कोणी स्पष्ट लिहीत नाही. बिघडला की तो आपला, कनेक्शन तोडलं की त्यांचा!

वेगाचा मुद्दा त्यामानानं सोपा. जुन्या कित्येक राउटरांचं तारेचं तोंडच 100 एमबीपीएसचं असतं. त्यावर 300 चं पॅकेज विकणं म्हणजे लिटराच्या भांड्यात तीन लिटर दूध घातल्याचं बिल लावणं. पॅकेज वाढवताना डबा बदलून देणं हा त्या विक्रीचाच भाग झाला. मात्र ग्राहकाला घराच्या मागच्या खोलीतही जोरदार वायफाय हवं असेल, तर तो त्याचा शौक, पैसे त्यानं द्यावेत.

आता दुसरी बाजू. गल्लीतला केबलवाला, ज्याच्याकडे दोन-तीनशे जोडण्या आहेत, तो म्हणेल, मी कुठून आणू एवढे डबे? त्याचं खरं आहे. हा भार वरच्या मोठ्या पुरवठादारानं उचलायचा; रोज शिडी घेऊन खांबावर चढणाऱ्यावर तो टाकणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. आणि सरसकट दर दोन वर्षांनी नवा डबा वाटा, असंही आमचं म्हणणं नाही. भंगाराचे ढीग आधीच कमी नाहीत. सॉफ्टवेअर मिळतंय तोवर जुना चालू दे. ते थांबलं की ज्याच्या हाती किल्ली, त्यानं बदलून द्यावा. ज्याला स्वतःचा राउटर हवा त्याला तो आणू द्यावा; जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून ग्राहकाला हा हक्क आहे. मग देखभालही त्याचीच.

मुलगा पुण्याला आणि घरात दोघंच म्हातारी, अशी घरं या गावात पुष्कळ आहेत. पेन्शनचा हयातीचा दाखला, बँक, नातवाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या एका डब्यातून जातं. त्यांनी सॉफ्टवेअर कोणत्या सालचं ते तपासावं, ही अपेक्षाच चूक. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून बनवणाऱ्याला सांगावं लागतं की सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील. आपल्याकडे जोडणी घेताना ही तारीख पावतीवर लिहून मागायला काय हरकत आहे? आणि तिच्याखाली एक ओळ आणखी: डबा कोणाचा.